कपाळाची शिवण

समोरच्या माणसाचा चेहरा सोडून त्याची कवटी पाहणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो आमच्या दवाखान्याचा डॉक्टर होता. कोणी रामराम घालायला वाकला की डॉक्टरांचा अंगठा त्याच्या नाकाच्या मुळापासून कपाळावर सरळ वर फिरे. शिरपूरच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाचे बाशिंग सरकवून डोक्याची मागची बाजू चाचपली. तिथे कवटीची हाडे जुळतात त्या शिवणीत एखाद्याला जास्तीचे लहान हाड असते, ते त्यांना हवे होते. मुलीच्या बापाला वाटले, पोरगा वेडा आहे. लग्न मोडायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. हाड नाही निंगालं."

एका उन्हाळ्यात आसेगावच्या नाल्यात वाळू उपसताना कवटी सापडली. पुढच्या तुटक्या दातावरून ती गावातल्या किसनच्या थोरल्या भावाची ठरली. भाऊ पुरात वाहून गेला, असे किसन सांगत आला होता. पण कपाळावर मधोमध उभी भेग होती, आणि दोघा भावांचे पटत नव्हते. गावाने कुऱ्हाड ठरवून टाकली. मी वार्ताहर म्हणून पंचनाम्याला हजर होतो. किसनच्या हातात बेड्या होत्या. त्याची आई फौजदाराच्या पायाशी बसली होती. एक मुलगा गेला होता, दुसरा फासावर जाणार होता.

"कुऱ्हाडच हाय थे, डागदरसाहेब. आंधळ्यालेबी दिसते," एक पंच म्हणाला.

डॉक्टरांनी कवटी फिरवली. "मंग ही टाळूवरची भेग कोनाची? अन् ही मांगची? किती कुऱ्हाडी घातल्या रे यानं?"

त्या भेगा म्हणजे हाडांच्या शिवणी, त्या साऱ्यांच्याच कवटीला असतात. लहानपणी प्रत्येकाचे कपाळ दोन तुकड्यांचे असते, ते पुढे जुळून एक होते, एखाद्याचे मात्र जन्मभर जुळत नाही, असे त्यांनी सांगितले. "वाराची कड सरळ राह्यते. हे वाकळीचे टाके हायेत. नख फिरवून पाहा."

फौजदाराने नख फिरवले. ते दात्यादात्यात अडकत गेले. त्याने पुन्हा एकदा फिरवून पाहिले. मग शिपायाकडे बेडीची किल्ली मागितली.

आपलेही कपाळ तसेच आहे, असे डॉक्टर नेहमी सांगत. आम्ही कितीदा चाचपले, कोणाला काही लागले नाही. ते गेले तेव्हा किसन आसेगावहून चालत आला. तिरडीजवळ बसून त्याने अंगठा त्यांच्या नाकाच्या मुळाशी ठेवला आणि हळूहळू वर नेला.

"लागली काय रे शिवण?" मी विचारले.

"हाय नं," तो म्हणाला. पण अंगठा काही त्याने काढला नाही.