व्हिएतनामला निघालेली भिंत

खराडीतला फ्लॅट बघायला गेलो, तेव्हा तो सोडणारा तरुण दिवाणखान्यातल्या भिंतीचे फोटो काढत होता. पुण्याचा खर्च झेपेना म्हणून तो व्हिएतनामला राहून इथलंच काम करणार होता, ऑफिसला न सांगता. कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून व्हिडिओ कॉलवर त्याच्यामागे हीच भिंत दिसणार होती. भिंतीला परदेशी निघालेलं मी प्रथमच पाहत होतो.

तेवढ्यात त्याच्या साहेबांचा फोन आला. "घरीच आहे, सर," म्हणताना त्याने तळहात शर्टाला पुसला.

आई गावी लोणीला असते, हे त्याने मघाशीच सांगितलं होतं. "लोणीला आईलाही भिंतच दाखवणार?" मी विचारलं.

"तिला कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगेन, काका. ती भिंत बघत नाही. 'तोंड दाखव' म्हणते."

त्याने पुन्हा फोटो काढला. आधीचे सगळे हलले होते.