उंदराचं काळीज

प्रयोगासाठी ज्याच्यावर किरणोत्सर्ग सोडला होता, तो उंदीर आज जाळीशी येऊन माझं बोट हुंगत होता. अंगावर ओरखडाही नाही.

"मॅडम, हा तर चांगला दिसतोय."

"बाहेरून काही दिसत नाही रे. आत यकृत खराब व्हायला लागलं असेल."

यकृत म्हणजे काळीज, एवढं आम्हा सातवीपर्यंत शिकलेल्यांनाही मटणाच्या दुकानामुळे ठाऊक. मॅडमनी मला पिंजरे साफ करायला ठेवून घेतलं, त्यांचे उपकारच आहेत. पण या शहरात दिवसभर माझं बोलणं होतं ते उंदरांशीच. हे आईला सांगितलं तर ती 'ये निघून' म्हणेल, आणि मी निघेनही.

जेवणाच्या सुट्टीत तिचा व्हिडिओ कॉल आला. तिने मला नीट न्याहाळलं.

"चांगला दिसतोयस की."

"हो," मी म्हटलं, आणि मोबाईल जरा लांब धरला.