रागीचं पीठ आणि माझा अंगठा

मार्गशीर्षातला दुसरा शुक्रवार, सकाळी साडेदहा. रक्कम अठ्ठेचाळीस रुपये, चार किलो रागी, म्हणजे नाचणी, दळण्याचे. हजर तिघे, मी, धाकटा भाऊ श्रीधर आणि गौरम्मा अक्का. जयनगरातल्या आमच्या गिरणीत त्या वेळी खिडकीतून उन्हाची एक तिरपी पट्टी आत येते आणि हवेत तरंगणारं पीठ तिच्यात उजळून निघतं. त्या उजेडात अक्कांनी अठ्ठेचाळीस रुपये फळीवर ठेवले, शेजारी पिठाचा भरलेला डबा ठेवला, आणि "पैसेही ठेव, पीठही ठेव. मला दुसरी गिरणी सापडली," म्हणून रिकाम्या हातांनी त्या पायऱ्या उतरल्या. बत्तीस वर्षांचं गिऱ्हाईक, वडिलांच्या वेळचं.

तक्रार जुनीच होती. जुनी दगडी चक्की बाजूला सारून आम्ही पोलादी पात्यांचं मशीन बसवलं, त्याला तेव्हा सात महिने झाले होते. त्या काळात अक्का तीनदा म्हणाल्या, मुद्दे हाताला चिकटतात. रागीच्या पिठाचा शिजवून वळलेला तो गोळा इथल्या कन्नड घराघरांतलं रोजचं जेवण. तीनही वेळा मी चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनी यांत चोळलं आणि सांगितलं, अक्का, पीठ रेशमासारखं आहे, तुमचं पाणी जास्त होत असेल. बत्तीस वर्षं मुद्दे वळणाऱ्या बाईला मी पाण्याचं प्रमाण शिकवत होतो.

हा अंगठा मला वडिलांनी दिला. ज्वारीचं पीठ भाकरीला कसं हवं, ते त्यांनी माझं बोट धरून शिकवलं, आणि त्याच मापाने मी या शहरात गहू, तांदूळ, रागी, सगळंच जोखत आलो. आमच्या घरात रागी म्हणजे तान्ह्या मुलाची पेज किंवा उन्हाळ्यातलं आंबील. हजारो किलो रागी दळली, पण तिचे मुद्दे मी एकदाही खाल्ले नव्हते.

आणि मी हिशेबी माणूस! रोजची किलोंची वही माझ्याच अक्षरात आहे. रागी साठ किलोंवरून अडतीसवर आली, हे मीच लिहिलं होतं. समासात कारणही लिहिलं होतं: सणाचे दिवस, गावी गेलेली माणसं, दुकानातली तयार पाकिटं. आकडा खरा होता. त्याच्या तोंडी मी माझंच उत्तर घालत होतो. बाकीचे बावीस किलो काही न बोलता गेले. बोलल्या एकट्या अक्का, आणि त्यांनाच मी खोटं पाडलं.

रविवारी त्यांचा तोच डबा उचलला, सोबत बाजूला सारलेल्या दगडी चक्कीवर मुद्दाम दळलेल्या दोन किलो रागीचा दुसरा डबा घेतला आणि त्यांच्या दारात उभा राहिलो. स्वयंपाकघरात अवरेकायीचं, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचं सारू उकळत होतं. त्या हिरव्या, तेलकट वासाने थंडीतली सकाळ भरून गेली होती. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, दोन्ही डब्यांकडे पाहिलं. "बस. आज अंगठा नको, तोंड वापर."

त्यांनी दोन पातेल्यांत दोन पिठं शिजवली. हात पाण्यात बुडवून पहिल्या, मशीनच्या पिठाच्या गोळ्याला लावला. बोटांना तो चिकटून वर आला. दुसऱ्याला लावला, बोटं स्वच्छ. एवढीच परीक्षा, ओल्या हाताची. माझी बोटं आयुष्यभर कोरडी होती. पहिला घास टाळूला चिकटून बसला. दुसरा मी चावू लागलो तशा त्या हसल्या. "अय्यो, चावतोस काय? गीळ! स्वल्प सारू घे." तो घास पावसाळी मातीचा वास मागे ठेवून घशाखाली उतरला. मशीनच्या वेगात तापून निघालेल्या पिठात तो वास नव्हता.

सोमवारी चक्कीच्या दगडांना टाकी लावून ताज्या खाचा पाडून घेतल्या. मशीन मिरची-मसाल्यापुरतं ठेवलं आणि दाराशी कन्नडात फळा लावला: सात महिने आमच्या गिरणीत रागीचं पीठ बिघडलं. चूक आमची. आता दगडावर दळतो, वेळ जास्त लागेल.

श्रीधर कपाळाला हात लावून उभा. "अण्णा, असं कोण लिहितं? कुणीतरी फोटो काढून गावभर फिरवेल."

"फिरवू दे. फळा पुसलास तर खडू पुन्हा माझ्याच हातात आहे."

मालकाने चूक कबूल केली की धंद्याचं वजन जातं, असं मला त्या आठवड्यात चौघांनी ऐकवलं. सर्जापूर रोडला राहणारा मेहुणा म्हणाला, गिऱ्हाइकाला काय हवं ते गिऱ्हाइकाला कळत नसतं. मी त्याला विचारलं, तू मुद्दे खाल्लेस का? त्याने विषय बदलला. मी बदलणार नाही. माझं वजन त्या फळ्याने जात असेल, तर ते खोट्या मापाचं होतं. फळा आजही तिथेच आहे.

पुढच्या शुक्रवारी, त्याच तिरप्या उन्हात, अक्का चार किलो रागी घेऊन आल्या. पीठ झाल्यावर मी हात जोडले: आज पैसे नकोत.

"फुकट दळलंस," त्या म्हणाल्या, "तर उद्या तक्रार कुठल्या तोंडाने करू?"

मग अठ्ठेचाळीस रुपये मोजून दिले गेले: देणाऱ्या गौरम्मा अक्का, घेणारा मी.