निमुळत्या शेपटीची गाडी अन् परसरामभाऊचा कापूस

हसा, आधी पोटभर हसून घ्या. कारण हा माहा पराक्रम सांगताना मले अजूनही हसू येत नाही.

मी घाटंजीत विज्ञान शिकवतो. घरी बाबांची जुनी गाडी होती. मागून अशी निमुळती उतरत गेलेली, की पाहातच राहावं! कोणी चहाले आलं की मी सुरू. "पाहा, हवा छपरावरून घसरते, शेपटीले चिकटून निघून जाते. मागं भोवरा नाही का काही नाही!" आमची बायको तेवढ्यात कप उचलून आत जाय.

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला. तांड्यावरच्या परसरामभाऊच्या हाती उरली सहा गाठोडी. त्याच्या बायकोनं, शेवंताबाईनं, एकेक बोंड निवडून वेचलं होतं. पांढराशुभ्र कापूस! खरेदी केंद्राचा तो शेवटचा दिवस, अन् नेमका बैल लंगडा झाला.

"कायले घाबरता? माही गाडी हाय ना!" मी म्हणलं. बोललो ते बोललोच.

मागची सीट काढली, गाठोडी कोंबली. इतकी भरलेली, की वरून गाठच बसत नव्हती. दोन तर डिक्कीतून तोंड वर काढून बसली. झाकण लागेना, म्हणून मी ते दोरीनं वर बांधलं.

परसरामभाऊनं ताडपत्री आणली. "सर, हे टाकू का वरून? धूळ लय हाय."

"छे! ताडपत्री फडफडली की गाडीचा आकार बिघडते. हवा अडकते."

"पन सर..."

"भाऊ, विज्ञान कोण शिकलं? तुम्ही का मी?"

बिचाऱ्यानं ताडपत्रीची घडी करून ठेवून देली.

ते दोघं माह्या बाजूले दाटून बसले, अन् निघालो. कच्चा रस्ता, मुरमाचा लाल फुफाटा. जरा वेळानं शेवंताबाई खोकाले लागल्या.

"सर, मांगून धूळ आत येऊन राह्यली!"

"हळू जातो म्हणून येते. वेग वाढला की हवा तिले मागं फेकते," मी म्हणलं, अन् दाबली ना गाडी! मंग तर आरशात काहीच दिसेना.

"सर, थांबा!"

"थांबलो तर सगळी अंगावर येईन!" मी अजून दाबली.

आता तुम्हीच सांगा, झाकण उघडं ठेवल्यावर ती निमुळती शेपूट उरली कुठं? मागं पोकळी होते, अन् पोकळी धूळ आत ओढते. हे मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवतो हो!

केंद्रावर उतरलो. कापूस विटकरी झालता. शेवंताबाईनं गाठोड्यावर हात फिरवला, तळवा पाहिला, अन् लाल झालेला हात लुगड्याले पुसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कापसाची प्रत ठरवणारा साहेब आला. "हे काय आणलं? कापूस का तिखट?"

परसरामभाऊ खाली पाहून म्हणाला, "रस्ताच तसा हाय, साहेब."

माहं नावसुद्धा घेतलं नाही त्यानं! मंग मलेच राहवलं नाही. "साहेब, चूक माही हाय." शेपूट, ताडपत्री, वेग, सगळं सांगून टाकलं. "यांच्या कापसाचा भाव पाडू नका."

साहेबानं गाठोड्यात कोपरापर्यंत हात घातला, आतला कापूस बाहेर काढला. पांढरा! "वरचा थर काढून टाका. आतला पहिल्या प्रतीत घेतो."

शेवंताबाईनं पदर डोळ्याले लावला. मी साहेबाले हात जोडले.

तो मात्र माह्याकडंच पाहून राह्यलता. "सर, घाटंजीच्याच शाळेत ना तुम्ही?"

"हो. नववी-दहावीले विज्ञान."

"कापसावरची धूळ काढता येते, सर," तो म्हणाला. "पन माही पोरगी दोन वर्षं झाली तुमच्या वर्गात हाय. तिच्या डोक्यातलं कसं काढू?"