शेणींचा हुडवा आणि वाळवंटातलं गाव

माझ्या मुलाने एक गाव बांधलं. खरं नाही, कॉम्प्युटरवरचं. तो गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. इथे परदेशात, जुरोंग ईस्टला त्याचं ऑफिस, आणि बेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस दिवसभर तिथे बसून पडद्यावरच्या वाळूत घरं मांडतो. दोन वर्षं तो हेच करत होता आणि मी चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये त्याच्यासाठी पोळ्या लाटत होते. दोघांत कुणाचं काम खरं, ते मी सांगायला नको.

गाव वाळवंटातलं, गुरं पाळणाऱ्यांचं. ते गाजलेलं कशासाठी, तर तिथल्या चमत्कारिक वस्तूंसाठी. वेशीवर शिंगांची कमान. चौकात तीन मजली बूट, त्यात न्हाव्याचं दुकान. एक बस नाक खाली करून वाळूत उभी पुरलेली. आणि पाण्याची टाकी म्हणजे चार उंच खांबांवर ठेवलेली कपबशी. लांबलांबून लोक हे बघायला येतात म्हणे.

“लँडमार्क आहेत ते, आई,” मुलगा म्हणाला.

ज्या गावाला बूट दाखवावा लागतो, तिथे दाखवण्यासारखं दुसरं काही नसतं. एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

मी माणदेशातली. आमच्याकडे पाऊस म्हणजे सरकारी पाहुणा. येणार असं सगळे सांगतात, येत नाही. चाळीस वर्षं मी गुरं राखली. एका दुष्काळात आठ महिने चारा छावणीत काढले. गावातला चारा-पाणी संपलं की उघड्या माळावर हजारो जनावरं आणून बांधतात आणि प्रत्येक घरातलं एक माणूस त्यांच्याजवळ राहतं. आमच्या घरातलं माणूस मी होते. तेव्हा वाळवंटात गुरांचं गाव कसं असतं, ते मला बुटात शिरून शिकायची गरज नाही. मुलगा लहानपणापासून शिक्षणासाठी पुण्याला मावशीकडे. गाय त्याने जास्त करून दुधाच्या पिशवीवर पाहिली.

एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, “पुढच्या शुक्रवारी कंपनीच्या मोठ्या बाई येणार आहेत. त्यांना गाव आवडलं नाही तर गेम बंद. आमची टीमही बंद.”

सुनेचा घास हातातच राहिला. या देशात नोकरी गेली की पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, जातो. महिनाभरात गाशा गुंडाळायचा. सुनेचा पास मुलाच्या पासावर, माझाही त्याच्याच पासावर. नात इथल्या शाळेत चौथीत, तिला मराठीचे पन्नास शब्द येतात आणि त्यातले निम्मे खाण्याचे.

“आईंना बरंच आहे,” सून म्हणाली. “गावी राहायला मिळेल.”

म्हाताऱ्या बाईचा जीव गावात अडकलेला असतो, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. माझा नाही अडकलेला. इथे नळ फिरवला की पाणी येतं, कोणत्याही वेळेला. लिफ्ट चालते. डॉक्टर खालीच बसतो. गावात जी माणसं मला आवडायची ती मेली, जी आवडत नव्हती ती अजून ठणठणीत आहेत. मला इथेच राहायचं होतं. हे मी कुणाला बोलले नाही. फक्त मुलाला म्हटलं, “दाखव तुझं गाव.”

रविवारी त्याने ते टीव्हीवर लावलं. नातीच्या हातात ते बटणांचं यंत्र दिलं. तिने पाच मिनिटं गावातून चक्कर मारली आणि यंत्र सोफ्यावर टाकलं.

“बोअरिंग लाह, आज्जी. नथिंग टू डू.”

बापाचं तोंड उतरलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. मी मोजली, सगळी मिळून चौदा गुरं होती. भर दुपारच्या उन्हात एका रांगेत, तोंड रस्त्याकडे करून उभी. बसची वाट बघत असल्यासारखी.

“ही पाणी कुठे पितात?”

“टाकी आहे की, आई. ती काय.”

“ती कपबशी? एवढ्या वर? गुरांना शिडी लावतोस का?”

सून हसली. मुलगा चिडला.

“हा गेम आहे गं. गुरं पाणी पीत नाहीत.”

“मग मरतील.”

“मरत नाहीत. बनवलेली आहेत ती.”

“मग गुरांचं गाव कशाला म्हणतोस? बुटाचं गाव म्हण.”

“एवढं कळतं ना तुला, मग सांग काय पाहिजे ते!”

मी सांगितलं. टाकी राहू दे वर, तुझी हौस आहे. खाली जमिनीला दगडी डोण कर, गुरांना तोंड घालता येईल अशी. गावातल्या सगळ्या वाटा त्या डोणीकडे आल्या पाहिजेत, कारण गुरं रोज तिथेच येतात आणि वाट त्यांच्या खुरांनी पडते. तुझ्या बुटाची एवढी मोठी सावली पडली आहे, तिथे एकही जनावर कसं नाही? दुपारी गुरं सावलीला बसतात, रवंथ करतात. आणि चौदा गुरं असून रस्त्यावर शेणाचा एक पो नाही?

“ईऽऽ, आज्जी!” नात ओरडली.

“ई काय? प्रत्येक घरातून धूर निघतोय. गावात झाड एक नाही. चूल कशावर पेटते?”

मुलाने टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. सहा इंजिनिअर दोन वर्षं बसले होते. त्यांनी धूर काढला, जळण काढायचं सुचलं नाही. आमच्या गावचा खुळासुद्धा आधी जळण बघतो.

मग मी त्याला हुडवा सांगितला. शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापायच्या, वाळवायच्या, गोल रचत न्यायच्या, वर निमुळतं करायचं आणि बाहेरून शेणानेच लिंपायचं, म्हणजे आत पाणी जात नाही, जळण कोरडं राहतं. त्याला कळेना, म्हणून जेवणाच्या टेबलावर मारी बिस्किटांचे दोन पुडे फोडून रचून दाखवलं. सून म्हणाली, “आई, बिस्किटं वाया जातील.” मी म्हटलं, “तुझ्या नवऱ्याची नोकरी वाया चालली आहे, ते बघ.”

छावणीत सगळं एकसारखं होतं. तीच हिरवी जाळी, त्याच मेखा, त्याच रांगा. नवीन माणूस आला की आपली जागा शोधत तासभर फिरत राही. मग बायका आपापल्या हुडव्याच्या लिंपणावर बोटांनी खूण ओढायच्या. कुणी मासा काढी, कुणी वेल. “माशाच्या हुडव्याच्या डाव्या हाताला,” असं आम्ही पत्ता सांगायचो. बघायला या म्हणून कुणी तो रचला नव्हता. सकाळचा चहा व्हायला पाहिजे म्हणून रचला होता. त्यालाच मुलगा लँडमार्क म्हणतो हे मला तेव्हा कळलं, आणि त्याला ते माझ्याकडून कळलं.

त्याने बिस्किटांचा फोटो काढला. पुढे आठवडाभर शेणाशिवाय आमच्यात दुसरं बोलणं झालं नाही. एकदा ऑफिसातून फोन आला, मी बाजारात भेंडी निवडत होते. “आई, खालचा थर उभा की आडवा?” मागून दोन-तीन माणसं इंग्रजीत काहीतरी विचारत होती. शिकलेली माणसं. मी म्हटलं, “उभा. आणि हवेला फट ठेव.”

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. सून घर आवरते म्हणाली आणि आवरलं काही नाही, एकच पातेलं तीनदा घासलं. दुपारी तीनला तिचा फोन वाजला. मुलगाच होता. तिने पातेलं खाली ठेवलं आणि मला सांगितलं. गेम राहिला. टीम राहिली. पासाला आणखी दोन वर्षं मिळतील.

संध्याकाळी मुलगा मिठाई घेऊन आला. मी विचारलं, “बाईंना काय आवडलं?”

“हुडवा आवडला, आई. त्या म्हणाल्या, यासारखं दुसरीकडे कुठेच नाही. फक्त जरा मोठा करा म्हणाल्या. आम्ही दुपारीच केलाही.”

त्याने टीव्ही लावला. हुडवा बुटापेक्षा उंच झाला होता. टोकाला लाल दिवा उघडमीट करत होता. बुडाला दार, आत गोल जिना. वर चढून लोक गाव बघणार. जिथे जळण पाहिजे तिथे जिना.

“डोण कुठे आहे?”

“ती काढली. जिन्याला जागा कमी पडत होती.”

“आणि गुरं?”

दिसतच होती. चौदाच्या चौदा पुन्हा उन्हात, तोंड रस्त्याकडे.

“एवढ्या शेणी थापायला किती गुरं लागतील, ते मोजलंस?”

“कोणी मोजत नाही गं आई. कसा वाटला ते सांग ना.”

“बावळट वाटला,” मी म्हटलं. “पण दोन वर्षं निघाली. पुरे आहे.”

त्याला वाटलं मी थट्टा करते. नव्हते करत. ज्यांच्या हातात आमचे पास आहेत, त्यांना गुरांना पाणी नसलेलं गाव चालतं आणि शेणाचा मनोरा आवडतो. अशा लोकांच्या अकलेवर माझं घर चाललं आहे. घरात पाणी चोवीस तास येतं, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

सोमवारी सून मला पासासाठी फोटो काढायला घेऊन गेली. फोटोवाला म्हणाला, हसू नका. हे त्याने मला कशाला सांगावं, कळलं नाही.