पाण्याचा पेला

घुग्घुसच्या घरी गाण्यांच्या मिक्सिंगसाठी घेतलेल्या स्पीकरवरची कोळशाची धूळ पुसताना, ते जिथून घेतले ते चंद्रपूरचं दुकान आठवतं. खाणीतली ड्यूटी आटोपून बाबाही आले होते. मी दुकानदारापुढे पेनड्राइव्ह केला, "भाऊ, बाबानं घरी गायलेलं हे भीमगीत लावा." स्पीकरच्या मोठ्या जोडीवर आवाज असा घुमला की बाबाच लाजले. मग स्वस्तातली छोटी जोडी लावली, तर कडव्याआधी त्यांनी दाबलेला खोकला ऐकू आला, अन् मागे आईनं हळूच पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाजसुद्धा! मी उडालोच. "हेच घेऊ!" बाबा म्हणाले, "काऊन बे? याच्यात तं माहा खोकला ऐकू येऊन राह्यला." "म्हणूनच तं, बाबा! ऐकू आला तरच काढता येईन." घरी येऊन रेकॉर्डिंगमधून खोकला काढला. पेला मात्र आजही त्या गाण्यात तसाच आहे.