मंगलताईंचं नाव

मंगलताई लेख लिहायला बसण्याआधी चार शेतकऱ्यांना फोन लावायच्या. "तुरीचं झाड उभ्याउभ्या वाळलं तर मोबाईलला काय विचारता वो तुमी?" समोरचा जे शब्द बोलेल तेच त्या मथळ्यात घालायच्या. लातुरातल्या आमच्या लहानशा ऑफिसात आम्ही गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायचं काम करायचो. शेतीऔषधांच्या एका दुकानदाराची वेबसाइट ताईंच्या लेखांमुळे कायम पहिली यायची. ताई मूळच्या कंधारच्या. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन लातूरला आल्या होत्या. "माणूस विचारतो तसं लिवावं, सायबासारखं न्हाई," असं त्या नेहमी म्हणायच्या.

मग सर्चमध्ये सगळ्यात वर एआयचं तयार उत्तर दिसू लागलं. ते बहुतेकदा ताईंच्याच लेखातून उचललेलं असायचं, पण लेख उघडायला कुणी येईना. ताईंनी मथळे बदलले, जुने लेख पुन्हा लिहिले. डबा न उघडताच घरी नेऊ लागल्या. एकदा म्हणाल्या, "माझंच लिवलेलं मला आडवं यायलंय, भाऊ. आता मी काय करू?"

मालकांनी तोडगा काढला. दिवसाला चाळीस लेख एआयने लिहायचे, ताईंनी फक्त तपासायचे, खाली नाव मात्र ताईंचंच. थोरलीच्या क्लासची फी भरायची होती. ताई नाही म्हणू शकल्या नाहीत.

एका लेखात तणनाशकाचं प्रमाण चुकलं. किल्लारीकडच्या एका शेतकऱ्याने ते वाचून फवारलं आणि त्याचं सोयाबीन करपलं. त्याने ऑफिसात फोन केला. ओरडला नाही. "ताई, तुमचं नाव बघून मारलं वो," एवढंच म्हणाला. दुसऱ्या सकाळी ताई एसटीने त्याच्या रानात गेल्या आणि परत येऊन राजीनामा लिहिला.

"मी तो लेख वाचलाच न्हवता," त्या मला म्हणाल्या. "चाळीस कोण वाचतंय? नुसतं खाली सरकवत होते."

आता त्या कंधारला भावाकडे असतात. थोरलीचा क्लास सुटला. परवा त्यांचा फोन आला. "त्या लेखांखालून माझं नाव तेवढं काढा, भाऊ. अजून कुणीतरी फसंल."

मी मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "लोकांचा भरवसा आहे त्या नावावर. भरवशाचं नाव असलं की एआयसुद्धा आपलाच लेख उचलतं. राहू द्या."

ताईंना मी अजून उलट फोन केलेला नाही. आजही त्यांच्या नावाने चाळीस लेख गेले. तपासायला मी होतो.